मुलीऐवजी तिचा बाप पटतो तेव्हा

मुलगी बघायला गेल्यावर तोंड फक्त पोह्यांसाठी उघडायचं नसतं, हे मला दोन स्थळं हातची गेल्यावर कळलं. पहिल्या ठिकाणी मी एक अक्षर बोललो नाही. समोर बशी आली ती संपवली, दुसरी आली तीही संपवली. मध्यस्थाबरोबर निरोप आला, ‘पोरगं गुणाचं दिसतंय, पण मुकं हाय का?’ दुसऱ्या ठिकाणी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातच दम भरला, ‘काईतरी इचार की बाबा.’ म्हणून मी त्या मुलीला विचारलं, ‘तुम्हाला डॉस येतं का?’ मुलीने आईकडे पाहिलं, आईने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो गृहस्थ हात जोडून म्हणाला, ‘न्हाई हो, आमच्या घराण्यात कुणालाच तसलं काई न्हाई.’

मी तेव्हा अंबाजोगाईत एका कॉम्प्युटर क्लासवर डॉस, एक्सेल असलं शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आदल्या साली जिथं एसटीडी बूथ निघाला, तिथं शेजारी या साली कॉम्प्युटर क्लास निघत होता. क्लासच्या बाहेर चपला काढायच्या, आत जाताना पाय पुसायचे. देवळात शिरावं तसं. कडा हे आमचं गाव, तिथं आमचं किराणा दुकान. आजोबा गल्ल्यावर बसले, दादा बसले, आणि मला बसायचं नव्हतं एवढ्यासाठी मी कॉम्प्युटर शिकलो. गूळ फोडणं आणि गिऱ्हाइकाला ‘या काका’ म्हणणं, या दोन गोष्टींपासून पळून मी अंबाजोगाईपर्यंत आलो होतो.

तिसरं स्थळ आलं बीडचं. वडिलांचं भांड्यांचं दुकान, वर घर. मुलगी रोज एसटीने गेवराईला जाऊन शाळेत गणित शिकवायची. आणि तिची एक अट होती: मुलाशी ती पंधरा मिनिटं एकटी बोलणार.

‘पंधरा मिन्टं?’ दादा कळवळले. ‘तुज्या मायशी मी लग्न झाल्यावर वरीसभरात पंधरा मिन्टं बोललो नव्हतो.’

मला मात्र तिचा फोटो आवडला होता. स्थळाच्या फोटोत मुली एरवी कुंडीला टेकून कुठंतरी लांब बघत असायच्या. ही सरळ बघत होती, आणि फोटोग्राफरवर वैतागलेली होती. ‘आता काढतोस का जाऊ?’ असं तोंड. हीच पाहिजे, असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि पहिल्यांदाच भीतीही वाटली. पंधरा मिनिटांत मी हिच्याशी बोलू काय? हातात आठ दिवस होते.

क्लासचा मालक माझाच मित्र. त्याच्यापुढं रडगाणं गायलं.

‘बे, पोरींच्या बॅचला तू एक्सेल शिकवतो. तवा बोलतोच की.’

‘तेव्हा मी कीबोर्डशी बोलतो.’

त्यानं टेबलाच्या खणातून एक सीडी काढली. तिच्यावर स्केचपेनने ‘गेम्स’ एवढंच लिहिलं होतं. पुण्याहून आणलेली, उघडच चोरीची. ‘याच्यात एक जपानी शाळा हाय,’ तो म्हणाला. ‘पोरीशी बोलायचंच काम हाय. दुसरं काईच न्हाई. दुपारी एक ते चार मशीन रिकामं असतं. बस अभ्यासाला.’

मला आधी ते खोटं वाटलं. गेम म्हणजे गोळ्या घालायच्या, गाड्या ठोकायच्या. पण खरंच तसा गेम होता. तुम्ही एका जपानी गावातल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहात. पडद्यावर मुलगी येते, इंग्रजीत काहीतरी म्हणते, आणि खाली तीन उत्तरं येतात. त्यातलं एक निवडायचं. कोपऱ्यात पत्त्यातला असतो तसा एक बदाम असतो. उत्तर पटलं की तो भरतो, नाही पटलं की रिकामा होतो. वर्ष संपताना बदाम काठोकाठ भरला असेल, तर मुलगी रेल्वे स्टेशनवर येऊन मनातलं सांगते. आमच्या बीडला रेल्वे येणार हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत होतो, त्यामुळे तेवढा भाग मला अद्भुत वाटला. बाकी सगळं सोपं होतं. मिश्या असलेला पंचविशीचा मी गळाबंद कोट घालून शाळेत जाऊ लागलो.

चार मुली होत्या. मी चष्म्याची, पुस्तकं उराशी धरणारी निवडली, कारण ती वैतागलेली दिसायची.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘शाळा सुटल्यावर बरोबर जायचं का?’ खाली उत्तरं: ‘चल’, ‘मला काम आहे’, आणि ‘तुझ्या मैत्रिणीलाही बोलाव’. चांगल्या घरचा मुलगा एकट्या मुलीबरोबर रस्त्याने कसा जाईल? मी मैत्रिणीला बोलावलं. बदाम सुईच्या अग्राएवढा झाला.

मग तिचं घर आलं. तिच्या वडिलांची खानावळ होती, जाड शेवयांची. उत्तरं: ‘उद्या भेटू’, ‘तळ्याकडे फिरायला येतेस?’ आणि ‘आत जाऊन वडिलांना नमस्कार करतो’. आता यात निवडण्यासारखं काय आहे? घरापर्यंत आलेला माणूस नमस्कार न करता परत जातो का? मी आत गेलो. बाप खूश झाला. शेवयांचा कटोरा पुढं आला. मुलगी दारात उभी राहून कंटाळली आणि वर निघून गेली. मला वाटलं, बरोबर चाललंय; आधी घर, मग मुलगी. तिच्या वाढदिवसाला दुकानात केसांची पिन होती, कादंबरी होती, चहाचा मोठा डबा होता. पिन एकटीची होते, डबा घरात सगळ्यांना होतो. मी डबा घेतला.

तीन दुपारी खपून मी वर्ष संपवलं. स्टेशनवर कुणी आलं नाही. पडदा काळा झाला आणि शेवटचं चित्र उमटलं: मी कमरेला फडकं बांधून त्या खानावळीत गल्ल्यामागे उभा आहे, शेजारी बाप माझ्या खांद्यावर हात ठेवून हसतोय, आणि ती खांद्याला पिशवी अडकवून, लांबूनच हात हलवत, मोठ्या शहरात शिकायला चालली आहे. खाली अभिनंदन केलं होतं: तुम्हाला नोकरी लागली.

मी चिडून उंदीर आपटला. कड्याच्या गल्ल्यावरून सुटायला मी कॉम्प्युटर शिकलो, आणि कॉम्प्युटरनं मला थेट जपानला नेऊन गल्ल्यावर बसवलं!

पुन्हा खेळलो. यावेळी दुसरी मुलगी घेतली, खेळाडू. तिच्या बापाचं सायकलचं दुकान निघालं. पुढचं सांगत नाही. फडक्याऐवजी हातात पाना होता, एवढाच फरक. तिसऱ्या खेपेला पुन्हा चष्मेवाली घेतली आणि इतका गुंतलो की चारची मुलींची बॅच केव्हा आत आली कळलंच नाही. पडद्यावर ती लाजून उभी होती, खाली इंग्रजीत ‘तुला मी आवडते का?’ लिहिलं होतं, आणि स्पीकरमधून बासरी वाजत होती. मागून आवाज आला, ‘सर, हे परीक्षेला हाय का?’

दुसरी म्हणाली, ‘सर, नमस्काराचं दाबा की. पोरीच्या बापाला कावून राग आणायचा?’

म्हणजे दोष माझ्या एकट्याचा नव्हता. अख्ख्या अंबाजोगाईने तेच बटण दाबलं असतं. दाबलं. शेवया आल्या.

मित्राला सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो हसून खुर्चीवरून खाली सरकला. ‘बे, तुला लग्न पोरीशी करायचंय का तिच्या बापाशी?’

‘आपल्याकडं दोघांशी असतं.’

‘मंग कर! अरे, बापाकडं बघूच नको. तो काई बोलला तरी पोरीकडंच बघ.’

चौथ्यांदा मी काळजावर दगड ठेवून खेळलो. बापाला नमस्कार नाही, मैत्रिणीला बोलावणं नाही. वाढदिवसाला पिन. तळ्याकडं फिरायला. आणि काय सांगू, बदाम भराभर वर चढला. वर्ष संपलं, स्टेशन आलं, फलाटावर ती आली. धावत आलेली, चष्मा हातात. तिने तोंड उघडलं, आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. ती काय म्हणणार होती ते मला आजतागायत माहीत नाही. पण बापाकडे बघायचं नाही, हा धडा मात्र पक्का झाला. दुसऱ्या दिवशी बीडला जायचं होतं.

बीडच्या त्या माडीवर सतरंजीवर आम्ही बसलो. समोर तिचे वडील. त्यांना सगळे अण्णा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज भांड्यासारखा खणखणीत.

‘परवास कसा झाला?’

‘झाला,’ मी म्हणालो, आणि तिच्याकडे बघितलं.

‘क्लास कसा चाललाय म्हन्ता?’

‘चाललाय.’ पुन्हा तिच्याकडे.

‘कड्याला साखर कारखान्यापाशी आमचे एक पाव्हणे हायेत, वळखत असाल?’

ओळखत होतो. रोज आमच्याकडून चहापत्ती न्यायचे. एरवी मी त्या पाहुण्यांची सात पिढ्यांची माहिती दिली असती. पण मी धड्याला जागलो आणि गप्प राहिलो. दादांनी सतरंजीखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. ते पाणी घेऊनच मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या तोंडावर फोटोतलाच भाव होता.

मग आम्हाला गच्चीवर पाठवलं. वाळत घातलेल्या पापडांच्या पलीकडे ती उभी राहिली.

‘अण्णांशी असं कावून बोललात तुमी?’

खरं सांगतो, मी खाली तीन उत्तरं यायची वाट बघत होतो. पापडांशिवाय खाली काही नव्हतं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं: सीडी, चष्मेवाली, चहाचा डबा, शेवया, फडकं, गेलेली लाइट. पंधरातली बारा मिनिटं त्यात गेली. ती एकदाही हसली नाही. गणिताचा पेपर तपासावा तसं ऐकत होती.

‘म्हणजे तीन वेळा तुमी बापाला बरोबर जिंकलंत,’ ती म्हणाली, ‘आणि ज्या दिवशी खरा बाप समोर आला, त्या दिवशी नेमकं ते सोडून दिलंत?’

‘होय.’

‘पद्धत चुकली, उत्तरही चुकलं.’ ती जिन्याकडे निघाली, आणि पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मला चालंल. अण्णांना चालणार न्हाई. त्यांचं तुमी बघा.’

अण्णांना चालणार नव्हतंच. तिसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर निरोप आला: पोरगं लई आकडू हाय, वडीलधाऱ्याशी धड बोलत न्हाई. दादा एवढंच म्हणाले, ‘पहिल्या ठिकाणी बोलायचं व्हतं तवा गप बसला, हितं बापाशी बोलायचं व्हतं तवा बी गप. तुज्यापरीस ती साखरंची गोणी बरी.’

पुढच्या रविवारी मी बीडची एसटी धरली आणि दुकानात जाऊन कळशी मागितली. अण्णांनी ओळख न दाखवता कळशी दिली. मी कड्याच्या पाहुण्यांचा विषय काढला. त्यांचं पोट, त्यांची म्हैस, त्यांचा भावाशी शेताच्या धुऱ्याचा वाद. अण्णांनी अर्धा तास ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग विचारलं, ‘मंग म्हशीचं काय झालं?’ त्याच्या पुढच्या रविवारी तांब्या. मग परात. अंबाजोगाईच्या माझ्या खोलीत एका माणसाचा भांड्यांचा संसार उभा राहिला. चौथ्या रविवारी चहा आला. या खेळात कोपऱ्यात बदाम नसतो. चहा अर्धा येतो का पूर्ण, त्यावरून ओळखायचं. पूर्ण आला होता.

लग्नसराई होती. भांड्यांवर नावं घालणारा गडी गावी गेलेला, आणि आहेराच्या भांड्यांचा ढीग पडलेला. नाव घातल्याशिवाय आहेर द्यायचा कसा? अण्णांनी ते घरघरणारं मशीन माझ्या हातात ठेवलं. ‘कॉम्पुटरवाल्याचा हात थरथरत न्हाई म्हन्तेत. बघू.’ त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी मी अर्ध्या बीडच्या मामा-मावश्यांची सप्रेम भेट कोरली. जिन्यावरून ती येता-जाता बघायची.

नावं घालायच्या तिसऱ्या रविवारी अण्णांनी एक मोठं घंगाळ माझ्यापुढं ठेवलं. ‘ह्याच्यावर आमच्या पोरीचं नाव घाल. तिच्या लग्नातलं हाय.’

म्हणजे दुसरीकडं ठरलं. मी मान खाली घालून तिचं नाव घातलं; इतकं सुबक अक्षर माझं आयुष्यात कधी आलं नाही.

‘आता म्होरं जावयाचं.’

‘काय नाव घालू?’ मी घंगाळालाच विचारलं.

अण्णा चिडले. ‘इतके आयतवार मी काय तुजं तोंड बघायला चहा पाजला व्हय? सोताचं नाव लिव्हता येतं का न्हाई?’

जिन्यात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी मशीन टेकवलं, आणि हात थरथरायला लागला. माझं नाव मांजरसुंब्याच्या घाटातल्या एसटीसारखं वेडंवाकडं घंगाळाच्या बुडाकडे उतरत गेलं.

पुढं गावागावात क्लास झाले आणि आमचा बंद पडला. अण्णांना गुडघ्यांनी दगा दिला. आता त्यांच्या दुकानात गल्ल्यामागे मी असतो. ‘या काका’ म्हणतो. सकाळी ती खांद्याला पिशवी अडकवून गेवराईच्या एसटीला निघते आणि कोपऱ्यावरून लांबूनच हात हलवते. हुबेहूब ते चित्र. कमरेचं फडकंसुद्धा, भांडी पुसायचं. फक्त संध्याकाळच्या एसटीने ती परत येते, हे त्या जपान्यांनी चित्रात दाखवलं नव्हतं.

घंगाळ मी तीनदा मोडीत घालायचं म्हटलं. ती घालू देत नाही. पाहुणे आले की मुद्दाम पुढं आणते, दोन्ही नावांवर पाणी ओतते आणि म्हणते, ‘वरचं वळण बघा, आणि खालचं बघा. ह्यांनी घातलंय. जपानच्या शाळेत शिकलेत ते.’