म्हस्कू लोहाराचा खटका

इंदापूरच्या लोहारआळीत म्हस्कूची भट्टी होती. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तिथले सगळेच लोहार करत, तसा तोही करायचा. पण बावड्यापासून बारामतीपर्यंत त्याचं नाव झालं ते चाकूमुळे. घडीचा चाकू, शिंगाची मूठ, चार बोटं पातं आणि पाठीला पोलादी कमान. पातं उघडून सरळ केलं की कमानीच्या टोकाचा दात पात्याच्या बुडाशी कोरलेल्या खाचेत बसायचा आणि खट्ट असा आवाज व्हायचा. याला लोक खटका म्हणत. दात एकदा खाचेत बसला की कमान अंगठ्याने उचलल्याशिवाय पातं मिटायचं नाही.

त्या वर्षांत असा चाकू कनवटीला असणं ही पुरुषांची ऐट झाली होती. वाटेवर लुबाडणूक व्हायची हे खरं, पण चाकू घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना चोर कधी भेटलाच नव्हता, आणि भेटला असता तर त्यांनी चाकूऐवजी धोतर सावरलं असतं. पणदऱ्याचे मोहनराव घ्या. कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करून बारामतीच्या बाजारात गाड्या धाडणारा भला बागाईतदार. चार माणसं जमली की हे चाकू काढणार, खट्ट करून उघडणार आणि मिशीवरून हात फिरवणार. त्या चाकूने त्यांनी जन्मात पेरूशिवाय काही कापलं नाही.

म्हस्कूला या ऐटीची चीड यायची. "खटका मिरवायला न्हाय मोहनराव," तो भर दुकानात ओरडायचा, "खटक्यात चाकूचा जीव हाय!" त्याचा आवाज मुळातच मोठा, घणाच्या दणक्यात ऐकू जायला हवा म्हणून कमावलेला. मोहनराव हसायचे. गिऱ्हाईक हसलं की म्हस्कू आणखी चिडायचा.

पण त्याचं म्हणणं खरं होतं. भाजी चिरताना जोर पात्याच्या धारेवर येतो, त्यामुळे खटका कच्चा असला तरी कळत नाही; चाकू वर्षानुवर्षं गुणी वाटत राहतो. झटापटीत मात्र दणका पात्याच्या पाठीवर बसतो. खटका कच्चा असेल तर पातं तेव्हा मागे फिरतं आणि धरणाऱ्याचीच बोटं कापतं. म्हणून म्हस्कू प्रत्येक नवा चाकू उघडून त्याची पाठ बाभळीच्या ठोकळ्यावर सारी ताकद लावून आपटायचा. मिटला की पुन्हा भट्टीत. शिवाय तो आवाज ऐकायचा. दात खाचेच्या तळाला पोचला तर आवाज कोरडा आणि मोकळा येतो. मध्येच अडला तर बद्द येतो.

चाकू हातात देताना तो एक गोष्ट सांगायचा, ती मात्र हळू, कानाशी वाकून, जशी वैद्याने पथ्याची सांगावी. "खटक्याला फकस्त एरंडेल. करडईचं त्याल लावाल तर याद राखा. त्ये वाळतं आन् डिंकावानी बसतं." या मुलखात फोडणीला करडई, दिव्याला करडई, डोक्याला करडई, घरात दुसरं तेल असेलच असं नाही. त्यामुळे हे सांगावंच लागे. लोक मान डोलवत आणि घरी जाऊन काय करत ते देवाला ठाऊक.

त्याचा धाकटा भाऊ झुंबर हा माल घेऊन बाजार करायचा. म्हस्कू जितका तिरसट तितका झुंबर गोडबोल्या. भाव करणाऱ्या बाईला तो विळा विकायचा आणि वर तिच्याकडून ताकही पिऊन यायचा. त्याच्या कनवटीलाही घरचाच चाकू असे. घर एकत्र होतं. म्हस्कूची बायको रंगूबाई, झुंबरची बायको साखरबाई आणि ते दोघे भाऊ. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही त्यांच्यात रीतच होती. म्हस्कू सोप्यात आला की साखरबाई पदर ओढून दाराआड व्हायची. मीठ हवं असलं तरी ते रंगूबाईच्या तोंडून मागितलं जाई. इतक्या वर्षांत म्हस्कू तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

फाल्गुनात बावड्याचा बाजार करून झुंबर परतत होता. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. दोघांनी त्याला वाटेत अडवलं. बांधावर गवत कापणाऱ्या गोजरबाईने सगळं पाहिलं, आणि जे पाहिलं ते तिने आधी पंचांना, मग फौजदाराला, मग कोर्टात जसंच्या तसं सांगितलं. झुंबरने चाकू काढून उघडला. पहिल्याची काठी चाकूच्या पाठीवर आली. पातं त्याच्याच बोटांवर मिटलं. तो हात झटकून खाली बघतोय तोवर दुसऱ्याची काठी डोक्यात बसली.

म्हस्कूने भावाला अग्नी दिला. दिवस घातले. भट्टी पेटवली. तो रडला नाही, आणि लोकांना वाटलं तसा मनात कुढलाही नाही. त्याच्या आत काही होतच नव्हतं. तापल्या लोखंडाचं किटाळ उडून मनगटावर बसलं तर ते त्याला दिसायचं आधी आणि भाजायचं नंतर. रंगूबाई विचारायची, "जेवलात का?" आणि त्याला आठवावं लागे. चव गेली, चीडसुद्धा गेली. जो माणूस गिऱ्हाइकावर खेकसल्याशिवाय खुरपं विकत नसे, तो आता मुकाट्याने माल पुढे सरकवायचा.

एकच प्रश्न मात्र सुटत नव्हता. आपली कमान कच्ची होती का? झुंबरने तो चाकू नव्या मालातून आपल्या हाताने उचलला होता. त्याआधी आपण तो ठोकळ्यावर आपटला होता का? म्हस्कू ऐरणीपाशी बसून आठवत राही. इतर सगळे चाकू आठवत, तेवढा एक आठवत नसे. चाकू होता कोर्टात, मुद्देमाल म्हणून. तो बघितल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

आळीला उत्तर आधीच मिळालं होतं. म्हस्कूच्या खटक्याने भाऊ खाल्ला, असं लोक बोलत. मोहनराव एकदा आले, आपला चाकू त्यांनी ऐरणीशेजारी हळूच ठेवला आणि ते निघून गेले. त्यांची मिशी त्या दिवशी खाली आली होती.

साखरबाई मात्र दिराला बोल लावत नव्हती. ती देवाला लावायची, आणि मग स्वतःला. देवापुढचा दिवा तिने बंद केला होता. दोन घास खाऊन ताटावरून उठायची आणि रंगूबाईला विचारायची, "जाऊबाई, माजंच कायतरी चुकलं आसंल न्हाई?" हाडांचा सापळा झाला होता तिचा. रंगूबाई समजूत घालून थकली होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर खटला निकाली निघाला. एकाला शिक्षा झाली, दुसरा सापडलाच नाही. मुद्देमाल परत न्यायला म्हस्कू कोर्टात गेला, कारकुनापुढे अंगठा उठवला आणि फडक्यात बांधलेला चाकू घेऊन घरी आला. भट्टीपाशी बसून त्याने फडकं सोडलं. पातं उघडलं.

बद्द.

त्याने पातं उजेडाकडे धरलं. खाचेत काहीतरी तांबडं-पिवळं घट्ट बसलं होतं. त्याला वाटलं रक्त असेल. दाभणाने उकरलं तर खपली निघाली, लाखेसारखी कडक. ती बोटांत चुरून त्याने नाकाशी धरली. हळद. कुंकू. आणि वाळलेलं करडईचं तेल. खाच अर्ध्याहून वर भरली होती. दात तिच्यात शिरलाच नव्हता, नुसता वर टेकला होता.

"ह्या चाकूची पूजा कुणी केली व्हती?" त्याने रंगूबाईला विचारलं.

"साखरीनं. खांडेनवमीला." रंगूबाई शेण थापता थापता सांगू लागली. "आपण ऐरण-भाता पुजला, तवा तिनं धन्याचा चाकू येगळा पुजला. न्हाऊ घातला, त्याल लावलं. म्हनाली, थोरले दुकानात वरडत असत्यात न्हवं, खटक्यात चाकूचा जीव हाय, मग हळदीकुंकू तितंच भरते. झुंबरभावजी हासलं. म्हनलं ऱ्हाऊ दे, बायकूनं लावल्यालं कुंकू कुठं पुसू. का वं?"

"काय न्हाय," म्हस्कू म्हणाला.

त्याने घासलेटात चिंधी बुडवून खाच साफ केली. कमानीखालून मळ काढला. एरंडेलाचा थेंब सोडला आणि पातं पुन्हा उघडलं. आवाज कोरडा आणि मोकळा आला. त्याने पाठ ठोकळ्यावर आपटली, एकदा, दोनदा, मग हात दुखेपर्यंत. चाकू मिटला नाही. त्याच्या कमानीत काहीच खोट नव्हती.

आता काहीतरी वाटेल म्हणून तो थांबला. छातीवरचा धोंडा उतरेल, निदान राग तरी येईल. काहीच झालं नाही. ओरडून सांगितलेलं दाराआड ऐकू गेलं होतं आणि हळू सांगितलेलं गेलं नव्हतं, एवढं त्याला कळलं. ज्या बाईला तेलाचं सांगायला हवं होतं तिच्याशी बोलायची रीत नव्हती. अनोळखी गावच्या अनोळखी माणसांना त्याने ते सांगितलं होतं. घरात सांगितलं नव्हतं.

दाराशी बांगड्या वाजल्या नाहीत, कारण त्या आता नव्हत्या. पण दार हललं. साखरबाई दाराआड उभी होती. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"भावजी, चाकूत काय व्हतं?"

म्हस्कूने चाकू खाली ठेवला. सांगणं सोपं होतं. आळीत ताठ मानेने फिरता आलं असतं. भट्टी पुन्हा चालली असती, बारामतीचे लोक परत आले असते. आणि दाराआडच्या त्या बाईने सकाळपर्यंत आड जवळ केला असता, हेही त्याला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

"कमान कच्ची व्हती," तो म्हणाला. "म्या ठोकून बगितली न्हवती."

दार आणखी थोडं उघडलं.

"म्हंजी माज्या पूजेचं काय चुकलं न्हवतं?"

"न्हाय."

"देवाचंबी काय न्हवतं?"

"न्हाय. तुजं न्हाय आन् देवाचंबी न्हाय."

"मग तुमीच."

"व्हय. मीच."

ही गोष्ट दिवेलागणीच्या आत आळीभर झाली. आजवर लोक संशयाने बोलत होते, आता म्हस्कूने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हटल्यावर कुणाला काही राखायचं उरलं नाही. विळ्याला धार लावायलासुद्धा कुणी येईना. चाकू बिघडवणारा लोहार खुरपं तरी धड करील का, असा हिशेब लोकांनी केला, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. रंगूबाईने एकदाच विचारलं, "येवढा हातखंडा माणूस तुमी, आसं झालंच कसं?" तो भात्याकडे वळला. तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्याच्या ताटात भाकरी टाकताना आणखी हवी का बघायला ती पूर्वी थांबायची, तशी आता थांबत नसे.

भट्टी थंड झाली. त्या साली कळंबच्या बाजूला माळावर साखर कारखाना उभा राहत होता आणि तिथे घण मारायला माणसं हवी होती. म्हस्कू तिथे लागला. दिवसभर तो लोखंडी पत्रे जोडायला रिपिटा ठोकायचा. तिथे त्याला कुणी चाकूचं विचारत नव्हतं. आठवड्याला एकदा घरी यायचा, एक रात्र राहायचा आणि उजाडायच्या आत निघायचा.

घर मात्र सावरलं. साखरबाई दोन्ही वेळा पोटभर जेवू लागली. देवापुढे दिवा लागला. दोन महिन्यांत तिच्या गालांवर मांस आलं. आळीतल्या बायका म्हणत, कारण कळलं की माणूस सुटतं, आणि ते खोटं नव्हतं. चूक कुणाची ते ठरलं होतं आणि ती स्वतःची नव्हती. ती दिरापुढून आता दाराआड होत नसे. पदर न ओढता, सरळ त्याच्या तोंडाकडे बघून समोरून निघून जायची.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे म्हस्कू कारखान्याला निघायच्या बेताने उठला. भाकरीचं फडकं बांधून तो माजघराच्या दाराशी आला आणि थबकला. दोघी जावा समोरासमोर बसून जात्यावर दळत होत्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात होते. साखरबाई गात होती. झुंबर गेल्यापासून तिचा गळा त्याने ऐकला नव्हता. गळा चांगला मोकळा लागला होता.

चाकू घडविला थोरल्या दिरानं गं

पहिली ओळ एकीने म्हणायची आणि दुसरी समोरचीने, अशी जात्यावरची रीत. रंगूबाईने घास टाकला, खुंटा ओढला आणि सवयीने दुसरी ओळ उचलली.

धनी माझा नेला कच्च्या कमानीनं गं