मियोचा सातवा नंबर

आमच्या उमरखेडकडच्या गावात एका चिंचेखालून लोक तिन्हीसांजेला जात नसत. मी तिथेच बसून बारावीचा अभ्यास केला, कारण सावली होती आणि त्रास द्यायला कुणी फिरकत नसे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. तेव्हा पुढचं वाचून 'याला भास झाला असेल' असं म्हणालात तर राग नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

२००६ चा मार्च. मी टेक्सासमध्ये, अर्विंगला नोकरीला होतो. जपानहून कॉलेजची बारा मुलं-मुली सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी दोन आठवडे आली होती. शनिवार-रविवारी त्यांना फिरवायला, व्हॅन चालवायला स्वयंसेवक हवे होते. मी लगेच नाव दिलं. माझं शिक्षणही अनोळखी लोकांच्याच भरवशावर झालं होतं. सोबत ऑफिसमधला नागपूरचा संदीप.

त्या मुलांची एक पद्धत मला फार आवडली. निघताना हजेरी नावाने नाही, नंबराने. त्यांच्या शिक्षिका मोरी मॅडम हात वर करायच्या, 'हं' म्हणायच्या आणि मुलं आपापला नंबर जोरात सांगायची, एक ते बारा. सातला ते 'नाना' म्हणतात. संदीप दर वेळी माझ्या कानात, "आले बघ नाना!" हा सात नंबर मियो नावाच्या मुलीचा. बारीक चणीची, अगदी कमी बोलणारी.

त्या रविवारी आम्ही ऑस्टिनच्या पलीकडे चुनखडीची एक गुहा बघायला गेलो. तासभर आत फिरून चारच्या सुमारास वर आलो. पार्किंगमध्ये हजेरी झाली. बरोबर बारा. 'नाना' मी स्वतः ऐकलं, डावीकडून, हातभर अंतरावरून. मुलं व्हॅनमध्ये चढली.

गाडी सुरू करण्याआधी मी मागे वळून डोकी मोजली. शाळेच्या सहलीत आमचे गुरुजी मोजायचे, ती सवय. तोंडाने नाही — नुसत्या नजरेने, मनातल्या मनात. अकरा. परत मोजलं. सहापाशी का कोण जाणे, अडखळलो... पुढे गेलो. अकराच. संदीपला तसं सांगितलं.

"अबे, मॅडमला धरून की सोडून?" संदीप म्हणाला.

"सोडून."

"मग नीट मोज ना यार! हजेरी बारा झाली, सगळ्यांनी ऐकली."

मियो नव्हती.

मोरी मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, "तिने आत्ताच नंबर दिला. म्हणजे इथेच आहे." सगळे बाथरूमकडे, दुकानाकडे, गाड्यांमागे धावले. त्यांचं चुकत नव्हतं, माझे कानही तेच सांगत होते. पण तिला वर येताना मी पाहिलं नव्हतं. एकेकाला विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

आमचे गाइड डेल नावाचे वयस्कर गृहस्थ होते. ते गुहेचं लोखंडी दार ओढून घेत होते. मी जाऊन दारात उभा राहिलो.

"ती पोरगी बाहेर ओरडली, मीसुद्धा ऐकलं," ते म्हणाले. "खाली कुणी नाही. दिवे बंद केलेत मी."

"एकदा बघून येऊ."

"कितीतरी वर्षं हे काम करतोय मी."

"मग पाव तासाने काय बिघडणार? ती नसली तर सगळ्यांसमोर माफी मागेन. पण बघितल्याशिवाय दार लावू देणार नाही."

संदीपने माझी बाही ओढली. "पोलिसांना बोलावतील रे. व्हिसावर आहेस तू!"

"बोलावू देत."

डेलनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टॉर्च उचलला.

सगळ्यात खालच्या दालनात, कठड्यापलीकडे, मियो घोटा धरून बसली होती. टोपी पडली म्हणून वाकली, घसरली, आणि तेवढ्यात दिवे गेले. रडत नव्हती. आम्ही तिला उचलून कठड्याच्या अलीकडे घेतलं.

"हाक का नाही मारलीस?" मी इंग्रजीत विचारलं.

ती गोंधळली. "मारली ना. हजेरी चालू होती. माझी पाळी आली, मी नंबर दिला."

पार्किंग आमच्या डोक्यावर होतं, सात-आठ मजल्यांइतक्या दगडाच्या वर.

"दोनदा दिला," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा कुणीतरी पुरुष मोजत होता. आमची भाषा नव्हती. सहा शब्द झाले आणि तो थांबला. म्हणून मी परत माझा नंबर दिला."

"इंग्रजीत मोजत होता?" डेलनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली, आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "एक... दोन... तीन..."

संदीप माझ्याकडे बघत राहिला. दिवसभरात आम्ही दोघांनी त्या मुलांसमोर मराठीत आकडे मोजले नव्हते. आणि व्हॅनमध्ये तर माझे ओठसुद्धा हलले नव्हते.

पुढच्या महिन्यात मी आणि संदीप परत तिथे गेलो. तो खाली थांबला, मी पार्किंगमधून घसा बसेपर्यंत ओरडलो. त्याला काही ऐकू गेलं नाही. डेलना विचारलं, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. हवेची भोकं, प्रतिध्वनी, सगळं ऐकून घेतलं. हातभर अंतरावरच्या आवाजाचं आणि मनातल्या आकड्यांचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आजही नाही, माझ्याकडेही नाही.

त्या दिवशी मियोला व्हॅनमध्ये बसवल्यावर डेलनी दाराला कुलूप घातलं आणि बाहेरची पाटी उलटी केली. तिच्यावर लिहिलं होतं : पुन्हा उघडेल बुधवारी.

म्हणून कुणी भ्रम म्हटलं तर मी वाद घालत नाही. भ्रम तर भ्रम. मुलगी वर आली.