हरल्याचा डबा

"पाचवे राष्ट्रपती ते, शिंप्या!"

"चौथे! अक्कल गहाण टाकलीस का?"

नवी नवरी होते, तेव्हा माझ्या शिंपी दिरांचं आणि त्यांच्या दोस्ताचं, घड्याळजींचं हे भांडण मी आतून ऐकलं. हरेल त्याने दुसऱ्याला बटाट्याचा रस्सा खाऊ घालायचा, अशी पैज. हरो कुणीही, रांधायची मीच!

म्हातारपणी एकटे घड्याळजी सगळं विसरू लागले, जेवणसुद्धा. फुकटचं मात्र घ्यायचे नाहीत. मग भावजी सोपंच विचारायचे, "पहिले राष्ट्रपती कोण?" उत्तर आलं की "हरलो बुवा!" म्हणत डबा पुढे करायचे.

भावजी गेले त्याच्या आदल्या दिवशीही आम्ही डबा घेऊन गेलो. घड्याळजींना पहिल्या राष्ट्रपतींचं नावही आठवेना.

"तूच की रे," ते म्हणाले.

"बरोबर. हरलो बुवा!" म्हणत भावजींनी डबा उघडला.