दारातलं दही

दसऱ्याच्या बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्यांना बाबा खिळे ठोकत होते. एक ठोका तिरपा बसला आणि त्यांनी डावा डोळा घट्ट मिटला.

“एनू इल्ला ग, धूळ गेली,” म्हणाले. म्हणजे कानडीत काही नाही. घराचं छप्पर कोसळलं तरी बाबा एनू इल्लाच म्हणतील.

फारसं दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं. बुबुळाच्या मधला काळा ठिपका गोल नव्हता, एका बाजूला ओढला गेला होता. बाबा डोळा धुवायला नळाकडे निघाले. मी शाळेत विज्ञान शिकवते; डोळ्यात काही घुसलं तर चोळायचं नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही, हे मुलांना सांगून सांगून पाठ झालंय. त्यांचा हात धरला, डोळ्यावर कागदी कप उलटा चिकटवला आणि रिक्षा आणायला धावले.

तेवढ्यात आईने आपलं काम उरकलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला कोणी रिकाम्या पोटी निघत नाही. बाबांना तिने वाटीभर दही-पोहे खाऊ घातले आणि दारात तळहातावर दही-साखर ठेवली. मला याचा पत्ताही नव्हता.

नजरबाद भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डोळा धरून विव्हळत होता. बाबा त्याला आपला नंबर द्यायला निघाले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून परत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी कप उचलून एकदा पाहिलं आणि आधी बाबांनाच आत घेतलं. डोळा फाटला होता, आत लोखंडाची कपची होती. लगेच ऑपरेशन, पूर्ण भूल देऊन. शेवटचं कधी खाल्लं, त्यांनी विचारलं.

“सकाळी,” बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही.

“हे खोटं सांगतायत,” आई कानडीत म्हणाली. “आत्ताच खाल्लंय. मीच घातलं.”

भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती, म्हणून थांबावं लागलं. फाटलेला डोळा घेऊन आम्ही पोहे जिरायची वाट पाहत बसलो. मला आईचा भयंकर राग आला होता, पण ती इतकी आक्रसून बसली होती की तो काढवेना.

त्या डोळ्याने बाबांना आता उजेड आणि माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसतात. जखमच मोठी होती, उशिरामुळेच असं झालं असं नाही, हे डॉक्टरांनी आईला समजावलं. तिला ते पटलेलं नाही. कोणी बाहेर निघालं की ती स्वयंपाकघरातच थांबते. बाबा मात्र चपला घालून दारात उभे राहतात, तळहात पुढे करून, ती येईपर्यंत.