थोरली आसरा पाण्यात उतरली न्हाई

"जल्दी करा! साहेबांची जीप आली!" मॅनेजर ओरडून राह्यला, अन् आमची सोनाबाई बारवेच्या पायरीवर घोटा धरून बसलेली. घोट्यावर टपोरा फोड आल्ता.

आमचं कलापथक. म्हणजे गावोगाव नाचून-गाऊन सरकारचं म्हणणं सांगायचं. मी त्यातला नकल्या. कोंबड्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे आवाज काढतो. त्या दिवशी मात्र मिशी काढून, लुगडं नेसून उभा होतो.

गाव आष्टीकडचं. प्रोग्राम नारूचा, बघायला आरोग्य खात्याचे साहेब येणार होते. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. फोड येतो, इंगळासारखी आग होते, अन् पाय पाण्यात घातला की बरं वाटतं. तिथंच घात होतो. किडा पाण्यात पिल्लं सोडतो, ते पाणी जो पितो त्याला पुढं नारू. सगळं गाव या एकाच बारवेचं पाणी पीत होतं, अन् बाया पायऱ्या उतरून, पाण्यात उभं राहूनच घागरी भरत होत्या.

डान्स बारवेतच बसवला होता. सात आसरा, पाण्यातल्या देवी. सहा आम्ही पोरं, थोरली सोनाबाई. आसरांनी गुडघाभर पाण्यात उतरायचं अन् म्हणायचं, "हे आमचं घर, इथं पाय घालू नका." देवीचा शब्द कोण मोडणार, असा मॅनेजरचा हिशेब.

"मॅनेजर, हा नारू हाय," सोनाबाई म्हणली.

"साधा फोड असंल."

"माझा दुसरा हाय. मला वळखू येतो."

"मंग फडकं बांधा. दोन मिनिटाचं काम. न्हाई जमलं, तर पुढच्या खेपेला दुसरी बाई बघावी लागंल."

तिच्या घरी खाणारी चार तोंडं, कमावणारी ती एकटी. मी मॅनेजरच्याच आवाजात म्हणलो, "न्हाई तर मीच लुगडं नेसतो!" सोनाबाईनं घोट्याला फडकं आवळलं अन् उठली.

ढोलकी सुरू झाली. आम्ही नाचत उतरलो. बाया चारी बाजूंनी काठावर बसल्या होत्या. आम्ही सहाजण पाण्याजवळ पोचलो, अन् सोनाबाई शेवटच्या पायरीवर थांबली. माझा खांदा तिनं असा धरला की नखं रुतली. नजर पाण्यावर.

ढोलकीवाला तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राह्यला. मंग त्यानंही हात थांबवला.

वरून एक म्हातारी ओरडली, "टाक की गं पाय! आग कशी होती, आमाला ठावं हाय!"

"म्हणूनच न्हाई टाकत, मावशी," सोनाबाई म्हणली. "उद्या तुमची नात हेच पाणी पिणार."

आम्ही सहाही मागं सरलो. म्हातारी उठली. तिनं काठावरूनच दोर लावून घागर सोडली, भरून वर घेतली. "वर ये, लेकी."

सोनाबाईला धरून वर आणली. बारवेपासून लांब, लिंबाखाली नेलं अन् म्हातारीनं तिच्या पायावर धार धरली. तवा कुठं ती रडली. जीपमधले साहेब टोपी काढून उभे होते.

नारू काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढतात, तुटला तर पाय सडतो. सोनाबाईचा निघेपर्यंत तिची जागा साहेबांनी राखून ठेवली. त्या गावात रहाट बसला. बऱ्याच बाया वरून पाणी ओढतात, काही अजून उतरतातच.

आता आमच्या डान्सात कोणीच पाण्यात उतरत न्हाई. ही आयडिया आपलीच, असं मॅनेजर सांगत फिरतो. फिरू द्या. गावाला शिकवायला निघालात तर आधी आपले पाय बघून घ्या, एवढंच मला कळलं.