रुपेशच्या मापाची सायकल

सायकलवाल्यांचं फिरणं थोडं आणि गप्पा फार, त्यामुळे किस्से साचतच जातात. विरारच्या आमच्या रविवार ग्रुपचे निम्मे किस्से माझ्यावरच आहेत, आणि त्याला कारण एकच माणूस. रुपेश!

रुपेश सहा फूट. त्याने लार्ज फ्रेमची माउंटन बाइक घेतली. त्याला ती अशी शोभायची की माझ्या पोटात दुखायला लागलं. मीही तीच घ्यायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला स्मॉल लागेल."

"स्मॉल? मी काय लहान मुलगा आहे?"

मी पाच फूट तीन. तरी लार्जच घेतली.

*

पहिल्याच रविवारी ती घेऊन रुपेशच्या खाडीकाठच्या घरी गेलो. त्याची आई दारातच होती. "ये रे बाला, पानी पी!"

मी अंगणात फेरी मारली. मग अजून एक. पाय जमिनीला पोचेनात!

"अरे, उतर तरी!"

"काकी, काहीतरी धरायला द्या!"

शेवटी रुपेशने मला काखेत हात घालून उतरवलं. वर काकी म्हणतात, "माझा रुपेश बघ कसा ऐटीत बसतो!"



*

मग सीट खाली केली, तर हँडल लांब गेलं. आगाशीच्या बाजारातून असा ओणवा चाललो होतो की भाजीवाली मावशी म्हणाली, "भाऊ, काय हरवलंय? आम्हीपण शोधतो!"

मागे रुपेश. ताठ. हसत.

*

मग सायकल मापाला बसवून देणाऱ्या फिटिंगवाल्याकडे गेलो. त्याने मला आणि रुपेशला भिंतीला उभं केलं, टेप लावली. रुपेशला म्हणाला, "तुमचं काहीच बदलायला नको."

मला म्हणाला, "सीट, हँडल, सगळं बदलतो. पण पाय तेवढेच राहणार!"

*

झक मारत लार्ज देऊन स्मॉल फ्रेम घेतली. काय सुख! बायको, प्रज्ञा, म्हणाली, "बघू जरा," आणि फुलपाड्याला बहिणीकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रविवारी भाड्याची सायकल माझ्या हातात देऊन माझी घेऊन ग्रुपमध्ये आली.

तुंगारेश्वरच्या चढावर ती सगळ्यांच्या पुढे! रुपेश धापा टाकत म्हणाला, "वहिनींना काय फिट बसलीय रे!" त्याचा चेहरा पडला होता. माझा त्याच्याहून जास्त.

पुढच्या रविवारी मी तयार होऊन खाली आलो, तर ही गेटपाशी सायकलवर.

"अगं, माझी सायकल!"

"सीट माझ्या मापाला लावलीय. हात लावू नका."

"आणि मी?"

"तुमचं हेल्मेट ठेवलंय ना. मला सैल होतं!"