माशी न बसणारी खोली

"एक माशी दावा ह्या खोलीत. फकस्त एक. डास तरी दावा," पाक कुस्नादी म्हणाला. "अशी सवच्छ खोली तुमच्या पोरींनी बापजन्मी बघितली व्हती का?"

एन्तिननं दारातनं आत वाकून बघितलं. प्लायवूडच्या भिंती, प्लायवूडच्या दुमजली खाटा, प्लायवूडची कपाटं, सगळं नवं कोरं. माशी खरंच नव्हती. तिची लेक इमास दाराशी पदरासारखी ओढणी धरून डोळे पुशीत उभी होती.

"न्हाई माशी," एन्तिन म्हणाली. "पाक, बाजारात टोफू घिताना तुमी पयलं काय बघता?"

जावा बेटावरच्या ह्या चिहेरांगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, ज्या टोफूवर माशी बसत नाही त्यात फॉर्मलिन, मढं टिकवायचं औषध, असतं. मागं एका टोफूवाल्याची टोपली लोकांनी ओढ्यात ओतली, तेव्हा बाह्या सावरून सगळ्यांत पुढं हाच कुस्नादी होता.

"टोफू खायाचा असतोय," तो म्हणाला. "भिंत कोन खातंय?"

"पोरी खात्यात. नाकानं. ह्या फळ्यांच्या डिंकात बी त्येच औषध असतंय."

कपडे शिवायच्या कारखान्यातल्या पोरींची ही वसती, आणि सगळे ज्याला मानानं 'पाक' म्हणत तो कुस्नादी तिचा रखवालदार, कारभारी, सगळं काही. इमासला इथं येऊन तीन आठवडे झाले होते. घसा बसलेला, डोळ्यांना धार, मशीनवर सुई दिसेना. सहा खाडे झाले. कुस्नादीनं तिच्या नावापुढं 'बहाणेबाज' असं लिहून वर कळवलं होतं. शनिवारी तिचं नाव कटणार होतं. घरी घेऊन जा, असा निरोप एन्तिनला आला होता. एन्तिन आली, पण घरी न्यायला नाही. आज नेली तर ती जन्मभराची बहाणेबाज ठरली असती.

एन्तिनचा सगळा जन्म दगडात गेला. डोंगरातनं निघणारा हिरवट पांढरा दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, भट्टीत भाजून गोण्या भरायच्या. कोळंबीच्या तळ्यात तो टाकतात, घाण पितो म्हणून. नवरा कालिमंतानला लाकूडतोडीला गेला तो आलाच नाही. हिनंही चौकशी केली नाही. दगड ती जिभेनं ओळखायची. खपली जिभेला लावायची. घट्ट चिकटली तर दगड तहानलेला, घसरली तर बाद. मालकानं एकदा तपासायचं यंत्र आणलं. यंत्र आणि जीभ एकच सांगू लागली, फक्त यंत्राला वीज लागायची, म्हणून ते पोत्याखाली गेलं.

ह्या जिभेपायीच बांडुंगच्या प्रयोगशाळेतली विडा नावाची बाई तिच्याकडं यायची. तहानलेला दगड न्यायची, त्याच्या न दिसणाऱ्या छिद्रांत चांदीचे कण बसवायची, चार-सहा अणूंचे झुबके. मग तो दगड जांभळ्या दिव्याखाली काजव्यासारखा उजळायचा. खोलीतली विषारी वाफ प्यायला की विझायचा. त्याची भुकटी लावलेल्या कागदाच्या पट्ट्या विडानं दिल्या होत्या. त्यातली एक चार दिवसांपूर्वी इमासनं खोलीत लावली होती. ती विझली होती.

"ती दमटपनानं विझली," कुस्नादी म्हणाला. "हितं बरनीतल्या मिठाला घाम फुटतोय, अन् तुमच्या कागदाला न्हाई फुटनार व्हय?"

पोरी एन्तिनकडं बघू लागल्या.

"ते मातर खरं हाय," ती म्हणाली. "दगूड पानी पितोय. मला इचारा, तीस वर्सं चाटतीया. मग असं करू. दोन पट्ट्या एकाच तव्यावर सुकवायच्या. एक आत, कपाटाजवळ. दुसरी भाईर धुन्याच्या दगडावर, वल्या कापडांच्या मधी. उद्या बघू. भाईरली विझली तर पोरीची वळकटी म्या सोता उचलती अन् सगळ्यांदेखत तुमची माफी मागती. आतली एकलीच विझली तर ह्या फळ्या भाईर."

"आन् हो, पट्टीवर थुंकायचं न्हाई," कुस्नादी हसत म्हणाला.

"थुंकायला दुसऱ्या लई जागा हायत, पाक."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरींनी कोपऱ्यावरच्या दुकानदारीण बू इयोसचा खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा मागून आणला. उजेड नको म्हणून एन्तिननं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून वर लुंगीसारखा नेसायचा सारोंग पसरला आणि कुस्नादीला म्हणाली, "घाला मुंडकं."

"बायकांच्या सारोंगात?"

"मग राहू द्या. पोरी बघतील अन् गावाला सांगतील."

तो वाकला. धुण्याजवळची पट्टी जरा मंदावली होती. ते एन्तिननंच आधी सांगितलं. पण लिंबाच्या रंगात उजळत होती. आतली पट्टी चुलीतल्या विझल्या कोळशासारखी काळी.

कुस्नादी सारोंगातनं बाहेर आला, आत गेला आणि कपाटाजवळ पट्टी टांगायला बांधलेली दोरीच तोडून टाकली. "दगूड साक्षीला उभा करती व्हय? कुनाच्या फळ्या कोन काढतंय बघतो."

"तोडा," एन्तिन म्हणाली. पिशवीतनं दुसरी पट्टी काढून तिनं त्याच खिळ्याला अडकवली. "म्या दगूड गोनीनं दळती, पाक. तुमचा हात दुखंल."

मागं काहीतरी घसटल्याचा आवाज झाला. इमास आपली गादी ओढत व्हरांड्यात नेत होती. खोकत होती, पण ओढत होती. तिच्यामागं दुसरी, तिसरी, मग सगळ्या सोळा जणी. एकीनं गादीवर बसून केस विंचरायला घेतले. वर कळवायचं तर आता सोळा बहाणेबाज कळवावे लागणार होते.

एन्तिन दोन दिवस व्हरांड्यात त्यांच्यातच बसली. कुस्नादी कारखान्यातल्या साहेबांशी चारदा फोनवर बोलला, दरवेळी आवाज खाली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुतार आले. भिंतींवरच्या फळ्या निघाल्या, खाटा-कपाटं निघाली. पोरींनी नुसत्या चटया मागून घेतल्या. फळ्या मागच्या उघड्या छपराखाली रचल्या. इमासचं नाव कटलं नाही. 'बहाणेबाज' हा शब्द मात्र कुणी खोडला नाही. तो तिथंच राहिला, तिच्या नावापुढं, शाईत.

"खोडून घेऊ का, अंबू?" इमासनं आईला विचारलं.

"राहू दे. त्येच्या हाताचं अक्षर हाय, लाज बी त्येचीच."

शनिवारी सकाळी एन्तिनच्या गावी दगड दळायच्या गिरणीवर ताज्या दगडाचा ढीग पडला होता. एन्तिननं खालनं एक खपली काढली, जिभेला लावली, थुंकली, दुसरी घेतली. ती चिकटली. तिनं चाळण ओढली.